शिल्लक

मकरपुरा जीआयडीसीत रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत.
आमची शेड चारशे बारा-अ.
इथे मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळते:
तांब्याची तार, पत्र्या, वॉर्निश, बेअरिंग,
आणि ई-रिक्षाच्या मोटरी सुरू झाल्यापासून
चुंबक.

शाळेतलं चुंबक म्हणजे घोड्याची नाल,
अर्धी लाल, कपाटात कुलूपबंद.
हे तसं नाही.
खोबऱ्याच्या वडीएवढं, चपटं, वर निकेलचा मुलामा,
आणि स्वभाव असा
की दोन जवळ आली तर मधलं बोट आपलं राहत नाही.
माझ्या अंगठ्याच्या नखाखाली अजून काळं आहे.

पाकिटावर लिहिलेलं असतं निओडिमियम.
किरीटभाई म्हणतात नियो.
हसमुख म्हणतो न्यू. "ताई, न्यूचा माल आला?"

चार महिने झाले, नाही आला.
संप नाही, वादळ नाही, बोटही बुडालेली नाही.
कुठल्याशा कचेरीत
कुणीतरी एका कागदावर सही केली नाही,
एवढंच.
त्यांनी विचारलं, माल शेवटी कशात लागणार?
किरीटभाईंनी लिहिलं, रिक्षात.
त्यांनी विचारलं, रिक्षा कोण वापरणार?
हसमुख म्हणाला, लिहा, माझी सासू.
कुणी हसलं नाही.

बारा किलोची मोटर,
तिच्यात चुंबकाचे तुकडे वाटीभर.
बाकी सगळं इथलं.
पण घरात पातेलंभर दूध असावं
आणि चमचाभर विरजण नसावं, तसं झालंय.
विरजण शेजारून मागता येतं म्हणा.
शेजारी दार उघडेल तर.

रोज सकाळी पेपरात देश किती टक्क्यांनी वाढला ते येतं.
मी दांडिया बाजारच्या स्टॉपवर उभी राहून वाचते,
मग येऊन रजिस्टर उघडते:
आवक नाही, जावक नाही, शिल्लक शून्य.
दोन्ही आकडे खरे असतील.
माझा मी स्वतः मोजलेला आहे.

जेवणाच्या सुट्टीत किरीटभाई म्हणाले,
आपल्याकडे पण आहे की हे, जमिनीत,
छोटा उदेपूरकडे, आंबाडुंगरला.
वायंडिंगवरची रेवाबेन राठवा तिकडचीच.
मक्याचा रोटला मोडता मोडता म्हणाली,
डोंगरात असेल.
डोंगराखाली माझ्या भावाचं शेत आहे.
ते तुमच्या कुठल्या खान्यात लिहाल?
मी वीस खान्यांचं रजिस्टर ठेवते.
मला सांगता आलं नाही.

काल मांडणी पुसायला घेतली.
आठवा कप्पा असा पूर्ण रिकामा
मी कधी पाहिलाच नव्हता.
फडकं आत, पार मागच्या कोपऱ्यात घातलं
तर हाताला काही लागलं.
पत्र्याला पाठ टेकून, धुळीत,
एक वडी.

पाच वर्षांपूर्वीच्या मोजणीत एक नग कमी आला होता.
मीच लाल शाईने गोल केला होता.
अंबालालच्या पगारातून पैसे कापले,
तो काही बोलला नाही,
पुढच्या महिन्यात हालोलला दुसरीकडे लागला.
जाताना माझ्याकडून पाण्याची बाटली भरून घेतली होती.

स्क्रू-ड्रायव्हर लावून ओढली तेव्हा सुटली.
एवढी वर्षं धरून होती,
दिसेल अशी नव्हती, इतकंच.

हसमुख धावत आला, ताई, न्यू!
एका नगाने मोटर होत नाही.
त्याला ते माहीत आहे, तरी
शेडभर दाखवून आला.

मी रजिस्टर उघडलं.
शिल्लक: एक.
कुठून आला, या खान्यात
पेन टेकवून बसले आहे.
हालोलची शेवटची बस साडेनऊला असते.